बिल्डर-आमदाराचं चरित्र: कागद कुठे मिळतात आणि कसे वाचायचे

बांधकाम व्यावसायिक आमदार झाला की त्याच्यावर दोनच तऱ्हेचं लिखाण निघतं. एक वाढदिवसाच्या पुरवणीतलं: हलाखीत बालपण, पहिली साइट, जिद्द, मग जनसेवा. दुसरं विरोधकांच्या पत्रकार परिषदेतलं: सगळ्या जमिनी लाटल्या. दोन्हींत तारखा नसतात, त्यामुळे दोन्ही तपासता येत नाहीत. या माणसाचं आयुष्य मात्र इतर कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा जास्त कागदावर असतं. जमीन घेतली की दस्त होतो, बांधली की परवाना लागतो, विकली की पुन्हा दस्त होतो, निवडणूक लढवली की शपथपत्र द्यावं लागतं. शाळामास्तरचा आमदार झाला तर एवढी कागदपत्रं सापडत नाहीत.

जिल्ह्यात काम करणारे पत्रकार, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि स्थानिक राजकारणावर लिहिणारे यांच्यासाठी ही पद्धत आहे. कार्यालयं आणि जमिनीचे प्रकार कोल्हापूरचे धरलेत. कायदे बहुतांशी राज्यभर तेच आहेत.

आधी तक्ता

पहिला कागद मागवण्याआधी तक्ता आखा. डावीकडे व्यवसाय, उजवीकडे राजकारण, मधोमध तारीख. डाव्या बाजूला जमीनखरेदी, विकसन करार (मालक जमीन न विकता बिल्डरला ती बांधायचा हक्क देतो तो), बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला), कंपनी किंवा फर्मची स्थापना, मोठी कर्जं. उजव्या बाजूला तालमीचं किंवा मंडळाचं अध्यक्षपद, नगरसेवकपद, स्थायी समिती, सहकारी संस्थेचं संचालकपद, उमेदवारी, आमदारकी, पक्षबदल. प्रत्येक नोंदीपुढे कागदाचा क्रमांक आणि तो कुठून मिळाला हे लिहा. ज्या नोंदीला कागद नाही ती पेन्सिलीने लिहा आणि शेवटपर्यंत पेन्सिलीतच ठेवा.

सगळं काम या तक्त्यासाठी आहे. नगरसेवक होण्याआधी दहा वर्षं जमीन घेतलेली असणं आणि नगरसेवक झाल्यावर सहा महिन्यांत घेतलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक भाषणं ऐकून कळत नाही.

शपथपत्र: नमुना २६

नमुना २६ म्हणजे उमेदवारी अर्जासोबत द्यायचं शपथपत्र. सुरुवात इथूनच करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, गुन्हे आणि मालमत्ता शपथेवर सांगावी लागते. विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या जुन्या पानांवर मिळतात. महापालिका निवडणुकीची शपथपत्रं राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. ती वेगळी मागवावी लागतात आणि नेमकी हीच बहुतेक जण विसरतात. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली होती. तेव्हा नगरसेवक म्हणून उभा राहिलेला माणूस पुढे विधानसभेला उभा राहिला असेल, तर आमदारकीच्या आधीचं पहिलं चित्र त्या कागदात मिळतं.

मतदारसंघाच्या नावातही घोळ होतो. आजचे कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण हे मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासूनचे. २००४ चं शपथपत्र ‘उत्तर’मध्ये शोधलंत तर ते मिळणारच नाही. ‘उत्तर’ची २०२२ मध्ये पोटनिवडणूक झाली, तिचीही स्वतंत्र शपथपत्रं आहेत. एका उमेदवाराने एकाच निवडणुकीत दोन-तीन शपथपत्रं दिलेली असतात, कारण चार अर्ज भरण्याची मुभा असते आणि दुरुस्तीचंही शपथपत्र देता येतं. सगळी उतरवून घ्या, तारखेनुसार लावा. आकडा वापरताना शेवटचं धरा आणि आधीच्यात काय वेगळं होतं ते तक्त्यात टिपा.

आता वाचन. बिल्डरच्या शपथपत्रात नवखा माणूस सरळ जमिनीच्या रकान्याकडे जातो आणि तिथेच फसतो. धंद्यातली जमीन बहुधा त्याच्या नावावर नसते. ती फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असते, नाहीतर मूळ मालकाच्याच नावावर असते आणि बिल्डरकडे फक्त विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) असतं. त्यामुळे त्याची खरी दौलत स्थावरात दिसत नाही. ती चल मालमत्तेत, ‘भागीदारी फर्ममधील भांडवल’, ‘शेअर्स’ आणि ‘दिलेली वैयक्तिक कर्जं’ या ओळींत बसलेली असते. मुंबईतलं उघड उदाहरण घ्या. घाटकोपर पूर्वचे आमदार पराग शहा व्यवसायाने विकासक आहेत. २०२४ च्या शपथपत्रात त्यांनी सुमारे ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली, त्यातली सुमारे ३,३१५ कोटींची चल होती. २०१९ चा आकडा सुमारे ५०० कोटी होता. नुसता ‘पाच वर्षांत पावणेसातपट’ असा मथळा देता येतो, पण त्यातून वाचकाला काही कळत नाही. शेअर सूचिबद्ध कंपनीचे असतील तर भाव बदलला की आकडा बदलतो, त्यासाठी एक चौरस फूटही विकत घ्यावा लागत नाही. म्हणून वाढीचे तीन भाग पाडा: नवी खरेदी किती, जुन्याचीच किंमत किती वाढली, आणि आधी न दाखवलेलं आता किती दाखवलं. बातमी सहसा तिसऱ्या भागात असते.

आपल्याकडे सूचिबद्ध बांधकाम कंपनी हा प्रकार दुर्मीळ आहे. चार भागीदारांची फर्म, एखादी प्रायव्हेट लिमिटेड आणि प्रत्येक साइटला नवी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), असा इथला कारभार असतो. तेव्हा भांडवलाच्या ओळीतलं प्रत्येक फर्मचं नाव वेगळ्या यादीत काढा. पुढच्या शोधाची किल्ली ती यादी आहे.

स्थावराच्या रकान्यात सहा गोष्टी असाव्या लागतात: सर्व्हे नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की स्वसंपादित, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे किंमत. त्याशिवाय जमिनीवर विकासासाठी वा बांधकामासाठी केलेला खर्च. रकाना कोरा सोडता येत नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावंच लागतं. हे २०१३ च्या निकालानंतर पक्कं झालं. कोरा रकाना दिसला तर फोटो काढून ठेवा.

एककांत सगळ्यात जास्त चुका होतात. नमुन्यात शेतजमीन एकरात आणि बिगरशेती चौरस फुटांत मागतात. सातबारा हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतो, प्रॉपर्टी कार्ड चौरस मीटरमध्ये, आणि माणसं बोलतात गुंठ्यात. गुंठा १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर, आर म्हणजे १०० चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्याने (एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर) कुणी एकासाठी दुसरा धरतं. दोन-चार गुंठ्यांत ते खपून जातं, पण दहा एकरांत जवळपास पाच गुंठ्यांचा फरक पडतो.

समजा शपथपत्रात अशी ओळ आहे: मौजे उचगाव, अमुक गट, २१,७८० चौरस फूट, स्वसंपादित, खरेदी २०११, किंमत १८ लाख, आजची किंमत १ कोटी ४० लाख. २१,७८० म्हणजे बरोबर २० गुंठे, सातबाऱ्यावर ०.२०.२३. सातबारा काढला आणि त्यावर ०.४०.४७ दिसलं, तर लगेच ‘निम्मी लपवली’ म्हणून ओरडू नका. खातेदार किती आहेत बघा. दोघं समान हिश्श्याने असतील तर शपथपत्र बरोबर आहे. दुसरा खातेदार त्याचीच फर्म असेल तर ते २० गुंठे भांडवलाच्या ओळीत आत गेलेले असू शकतात. पत्नी असेल तर पत्नीच्या रकान्यात ते असायला हवेत. तिन्हीकडे नसतील तेव्हा प्रश्न विचारायचा.

पाच वर्षांची आयकर विवरणपत्रातली उत्पन्नं स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि अविभक्त कुटुंबाची शपथपत्रात असतात. बिल्डरचं उत्पन्न सपाट नसतं. एखाद्या वर्षी पाच लाख आणि पुढच्या वर्षी दोन कोटी हे संशयास्पद नाही. प्रकल्प संपला की नफा धरला जातो. ते वर्ष आणि भोगवटा प्रमाणपत्राचं वर्ष तक्त्यात शेजारी ठेवा, बहुतेक वेळा कोडं तिथेच सुटतं.

देणी वाचल्याशिवाय मालमत्तेचा आकडा छापू नका. वित्तसंस्थांची कर्जं, शासकीय थकबाकी आणि वादातली देणी वेगवेगळ्या ओळींत असतात. त्याच्याच एका फर्मने त्याच्याच दुसऱ्या फर्मला दिलेलं कर्ज बघून घाबरायचं कारण नाही, धंद्यात ते रोजचं आहे.

सरकारी कंत्राटांचाही रकाना आहे आणि तो फर्म व खासगी कंपन्यांपर्यंत जातो. राज्य सरकारशी चालू कंत्राट असेल तर आमदारकीच अपात्र ठरू शकते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ त्यासाठी आहे. म्हणून निवडणुकीआधी वर्षभरात फर्ममधून निवृत्त होणं, भागीदारीचा हिस्सा भावाच्या नावे करणं हे प्रकार दिसतात. ते बेकायदा नाहीत. तारीख मात्र टिपा.

जमिनीचा माग

शहरात प्रॉपर्टी कार्ड, बाहेर सातबारा. कोल्हापूर शहराचं नगर भूमापन ए, बी, सी, डी, ई अशा वॉर्डांत आहे. नुसता सिटी सर्व्हे नंबर देऊन उपयोग नाही, वॉर्ड लागतोच. ई वॉर्डात आणखी एक गुंता असतो. ताराबाई पार्क, राजारामपुरीच्या बाजूला काही मिळकती सिटी सर्व्हे नंबरने ओळखल्या जातात, तर काही रि.स.नं. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबरने, आणि शपथपत्रात कोणता लिहिलाय ते प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. दोन्ही नंबर जुळवून घेतल्याशिवाय ‘ही मिळकत दाखवलीच नाही’ असं म्हणू नका.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, पण नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर आयुष्य कळत नाही. खालचे जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) क्रमांक घ्या आणि एकेक फेरफार काढा. फेरफारात दस्ताचा क्रमांक आणि वर्ष असतं. तो क्रमांक घेऊन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ बघा: कुणी कुणाला, किती क्षेत्र, किती मोबदला, बाजारमूल्य किती. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन सर्च घ्यावा लागतो. तिथे नावावरून शोधायचं असेल तर सूची १ आणि मिळकतीवरून शोधायचं असेल तर सूची २. विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्रं सातबाऱ्यावर उमटतीलच असं नाही, म्हणून हा सर्च टाळू नका. बिल्डरची पहिली साइट जवळपास नेहमी विकसन करारावरची असते. स्वतःची जमीन पहिल्याच फटक्यात घेणारा विरळा.

‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. त्यात तीन शब्दप्रयोग इथे वारंवार येतात. एक, ‘देवस्थान इनाम वर्ग ३’, म्हणजे देवस्थानासाठी दिलेली जमीन. कोल्हापूर जिल्ह्यात अशी जमीन भरपूर आहे आणि ती परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. दोन, ‘कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. कुळाने मिळवलेल्या जमिनीवरचं हे बंधन २०१४ च्या दुरुस्तीनंतर पुष्कळ सैल झालं, त्यामुळे विक्री २०१४ आधीची की नंतरची हे बघणं आलं. तीन, नागरी जमीन कमाल धारणेची नोंद, बोलीभाषेत यूएलसी. तो कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये गेला, पण कलम २० खालच्या, म्हणजे जादा जमिनीला सूट देणाऱ्या, योजनांच्या नोंदी सातबाऱ्यावर राहिल्या. अशी नोंद कमी झालेली दिसली तर कोणत्या आदेशाने कमी झाली तो आदेश मागवा. नोंद असणं हा गुन्हा नाही. ती कशी उतरली हा चरित्राचा भाग आहे.

नदीकाठची साइट असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, असा ढोबळ नियम आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली, त्यामुळे या विषयावर लोक तावातावाने बोलतात आणि परवानगीचं वर्ष सोडून देतात. इमारतीला परवानगी मिळाली त्या दिवशी कोणती रेषा लागू होती, हे जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या. आजची रेषा जुन्या परवान्यावर लावणं हा अन्याय आहे आणि अब्रूनुकसानीच्या दाव्यात तो महागात पडतो.

महापालिका आणि प्राधिकरण

कोल्हापूरची हद्द दशकानुदशकं वाढलेली नाही, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या मोठ्या स्कीम पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी अशा लगतच्या गावांत झाल्या त्या यामुळेच. परिणामी कागद विखुरलेत. शहरातल्या परवानग्या महापालिकेच्या नगररचना विभागात. बाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं, त्याआधीचे बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकनं महसूल खात्याकडे शोधावी लागतात. गावठाणातलं असेल तर ग्रामपंचायतीचं दप्तर. हद्दवाढीवर या पुढाऱ्याची भूमिका काय होती, कधी बदलली, आणि त्याच्या जमिनी हद्दीच्या कोणत्या बाजूला होत्या, हा कोल्हापुरातल्या बिल्डर-पुढाऱ्याच्या चरित्रातला अटळ परिच्छेद आहे.

प्रत्येक प्रकल्पासाठी चार कागद मागा: झोन दाखला आणि भाग नकाशा, बांधकाम परवानगी मंजूर नकाशासह, जोते तपासणीचा दाखला (जोतं मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा), भोगवटा प्रमाणपत्र. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि चटईक्षेत्राचं (भूखंडावर किती बांधता येतं त्याचं) गणित बदललं. त्यामुळे त्याआधीच्या इमारतीला नव्या नियमांनी मोजू नका. जुना मंजूर नकाशा ज्या नियमावलीखाली आहे तीच लावा.

आरक्षण हा सगळ्यात कसदार भाग आहे, इथे वेळ घालवा. विकास आराखड्यात बाग, शाळा, मैदान असं आरक्षण पडलेली जमीन स्वस्त मिळते. अंतिम आराखड्यानंतर दहा वर्षांत ती संपादित झाली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि जमीन मोकळी होते. ही मुदत पूर्वी बारा महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस. महापालिकेकडे संपादनाला पैसे नसणं हे नेहमीचंच, त्यामुळे आरक्षण उठणं म्हणजे भ्रष्टाचार असं समीकरण मांडू नका. पाच तारखा मांडा: खरेदीची, नोटिशीची, संपादनाचा प्रस्ताव सभेपुढे आला त्या दिवसाची, सभेने तो नाकारला किंवा पुढे ढकलला त्या दिवसाची, आणि व्यपगत झाल्याच्या अधिसूचनेची. मग तक्त्याची उजवी बाजू बघा, त्या काळात आपला माणूस कोणत्या खुर्चीवर होता. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली आरक्षण किंवा झोन बदलला असेल तर महासभेचा ठराव, हरकतींची जाहिरात आणि शासनाची मंजुरी अशी साखळी असते. त्यातली एकही कडी सोडू नका.

सभांची इतिवृत्तं नगरसचिव विभागात मिळतात. सूचक कोण, अनुमोदक कोण, ऐनवेळचा विषय होता का, उपसूचना कुणी दिली. ऐनवेळच्या विषयांत फार काही दडलेलं असतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतरच्या प्रशासकीय काळात सभेचं इतिवृत्त शोधत बसू नका, प्रशासकांच्या ठरावांची नोंदवही मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना: एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘अमुक बिल्डरच्या सर्व परवानग्या द्या’ असं लिहिलंत की ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर ठरलेलं. मिळकतीचा नंबर आणि वर्ष लिहून नस्ती, म्हणजे फाईल, अवलोकनासाठी मागा. अवलोकनात टिपणीची पानंही बघायला मिळतात, आणि कोणत्या टेबलावर फाईल किती दिवस होती ते तिथेच दिसतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. स्थानिक कार्यालयांत सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख बघू देण्याचा राज्याचा २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत खिशात ठेवा, दाखवावी लागते.

महारेरा, फर्म, कंपनी

महारेराच्या (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) पानावर प्रवर्तकाचं, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याचं, नाव घाला, भागीदारांची नावं, मालकी हक्काचा अहवाल, बोजा (मिळकतीवरचं कर्ज), किती गाळे आरक्षित झाले, मुदतवाढी किती घेतल्या, सगळं समोर येतं. सहप्रवर्तकांची यादी जरूर उघडा. जमीनमालक किंवा गुंतवणूकदार यांचा क्षेत्रात वा उत्पन्नात वाटा असेल तर ते तिथे येतात. इथला सापळा असा की भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा गाळे आठपर्यंत असतील तर नोंदणीच लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. पेठांतली आणि जुन्या कॉलन्यांतली बहुतेक अपार्टमेंट यात मावतात. शिवाय महारेरा २०१७ पासूनचं आहे, तेव्हा ‘महारेरावर चारच प्रकल्प’ यावरून माणूस नवखा ठरत नाही. जुन्या प्रकल्पांसाठी बिल्डरांची संघटना क्रिडाई कोल्हापूरच्या ‘दालन’ प्रदर्शनातली माहितीपत्रकं, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि इमारतीच्या जिन्यातल्या कोनशिला उपयोगी पडतात.

कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मूळ माहिती फुकट दिसते, आणि शंभर रुपये भरून एका कंपनीची सगळी सार्वजनिक कागदपत्रं ठराविक तासांपुरती उघडता येतात. बसण्याआधी नावांची यादी तयार ठेवा, एका बैठकीत उतरवून घ्या. बोजाची नोंद कोणत्या बँकेकडे आहे ते बघा. नागरी सहकारी बँक असेल तर तिच्या संचालक मंडळात कोण होतं, हा पुढचा प्रश्न.

खटले

शपथपत्रात फक्त प्रलंबित गुन्हे आणि झालेल्या शिक्षा असतात. सुटका झालेले, रद्द झालेले, मिटलेले खटले गळून जातात. म्हणून लागोपाठच्या शपथपत्रांतल्या याद्या शेजारी ठेवा. २०१४ मध्ये असलेला खटला २०१९ मध्ये नसेल तर त्याचा निकाल शोधा. निर्दोष सुटला असेल तर तेही तितक्याच ठळकपणे लिहायचं.

महारेराचे आदेश आणि ग्राहक आयोगाचे निकाल फौजदारी नसल्याने गुन्ह्यांच्या रकान्यात येत नाहीत. महारेराची वसुली वॉरंटं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होतात. ती वेगळी तपासा. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. त्याआधीच्या याचिका मुंबईच्या क्रमांकाने आहेत, तेव्हा दोन्हीकडे शोधा.

नावसाधर्म्याने इथे भलेभले तोंडघशी पडतात. जिल्ह्यात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे पाटील एका तालुक्यातही दोन-तीन निघतात. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि वय यांपैकी तीन जुळल्याशिवाय खटला त्याचा म्हणून लिहू नका. कंपनीच्या बाबतीत संचालक ओळख क्रमांक जुळवला की प्रश्न संपतो.

राजकारणाची बाजू

ही बाजू लिहायला सोपी वाटते आणि म्हणून उथळ होते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही, तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना मिळतात. त्याने बोललेल्या सगळ्या विषयांची यादी करा आणि नगरविकास, महसूल, गृहनिर्माण यांवरचे प्रश्न वेगळे काढा. न विचारलेले प्रश्नही दिसले पाहिजेत. शहराचा आमदार पाच वर्षांत पूररेषेवर एकदाही बोलला नसेल तर ती नोंद आहे. आमदार निधीची कामं जिल्हा नियोजन कार्यालयातून घ्या आणि नकाशावर टाका, कोणत्या रस्त्यावर कुणाची स्कीम आहे ते आपोआप दिसतं.

खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जातो. विधानसभेची मर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे. विधान परिषदेला मर्यादाच नाही, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून जाणाऱ्या पैसेवाल्या उमेदवाराचं चरित्र लिहिताना हे वाक्य विसरू नये.

कोल्हापुरात निव्वळ पैशावर आमदारकी मिळत नाही. बिल्डर शिरतो तो तालमीतून, गणेश मंडळातून, फुटबॉल संघाच्या जर्सीवरच्या नावातून. पेठेत इज्जत मिळाली तर नगरसेवकपद मिळतं. ग्रामीण मतदारसंघात दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक यांतलं एखादं दार उघडावं लागतं. सहकारातली पदं शपथपत्रात ठळक येत नाहीत. ती जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयातून आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांतून काढा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. वाढदिवसाच्या पुरवण्याही वाचा. त्यातली विशेषणं सोडा, कोणत्या वर्षी कुणाकुणाच्या शुभेच्छांच्या जाहिराती होत्या ते उतरवून घ्या. ठेकेदार, पुरवठादार आणि गट कसा बदलत गेला ते त्या पानांत स्वच्छ दिसतं.

माणसाला भेटताना

कागद संपल्यावरच मुलाखत. आधी गेलात तर संघर्षगाथा ऐकून परत याल. भेटीत ‘राजकारणात का आलात’ असं विचारू नका. पहिल्या साइटला पैसे कुणी घातले, मूळ मालकाला किती टक्के गाळे दिले, कोणत्या मंदीत हात आखडला, कोणती फर्म मोडली आणि भागीदार का गेला, हे विचारा. धंद्यावर ही माणसं मोकळी बोलतात, कारण तो त्यांचा अभिमान असतो. जुने सेंटरिंगवाले, वास्तुविशारद आणि पहिल्या इमारतीतले फ्लॅटधारक यांना त्याआधी भेटलेलं बरं.

आक्षेपाचे मुद्दे लेखी पाठवा: मुद्द्याला क्रमांक, सोबत कागदाची प्रत, उत्तराला किमान सात दिवस. ‘तुमच्यावर आरोप आहे’ असं लिहू नका. ‘२०११ च्या या दस्तातली ही मिळकत २०१४ च्या शपथपत्रात दिसत नाही, याबद्दल आपलं म्हणणं काय’ असं लिहा. उत्तर आलं तर काटछाट न करता छापा, नाही आलं तर पाठवल्याची पोच जपा. मूळ विक्रेते, फ्लॅट घेणारे, नातेवाईक यांची नावं सूची २ मध्ये असतात, पण तेवढ्यासाठी ती छापायची गरज नसते. पॅन, मोबाईल आणि घरचा पत्ता शपथपत्रात असला तरी झाकून टाका. आणि जे पेन्सिलीत राहिलं ते छापील मजकुरात जाऊ देऊ नका, संपादक कितीही मागे लागला तरी.